वरच्या मजल्यावरचा येमेनी

हाशिमची गादी जिन्यावरून गडगडत खाली आली, तेव्हा विनुतानं कॉलेजातून येऊन नुकत्याच चपला काढल्या होत्या. गादीपाठोपाठ पुस्तकं आली, कुकर आला, आणि वरून तिच्या थोरल्या भावाचा, जयतीर्थाचा आवाज आला, "आजच्या आज निघायचं! ह्या घरात ह्याची सावली नको!"

सकाळीच खबर आली होती. जयतीर्थाचा मुलगा प्रद्युम्न मालवाहू जहाजावर इंजिनीअर होता. लाल समुद्रात त्याच्या जहाजावर येमेनच्या बंडखोरांनी क्षेपणास्त्र डागलं. पोर वाचलं, पण दोन्ही हात भाजले, आणि आता तो जिबूतीच्या इस्पितळात पडून होता. विनुताआत्याच्याच कडेवर तो वाढलेला. दिवसभर वर्गात शिकवताना तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

आणि वरच्या खोलीतला भाडेकरू हाशिम येमेनचाच, होदेदा बंदराचा. इथं औषधशास्त्र शिकायला आलेला, इथंच शिकलेल्या मोडक्या तमिळमध्ये विनुताला 'अक्का' म्हणणारा. तो अंगणात खाली मान घालून पुस्तकं गोळा करत होता. त्याची ती मुकाट मान बघूनच विनुताचं माथं भडकलं.

"अण्णा, क्षेपणास्त्र ह्यानं डागलं का?"

"ह्याच्या लोकांनी डागलं!"

"असं? मग ह्याची बहीण मेली ती कुणाच्या लोकांच्या विमानानं?"

जयतीर्थाला ते ठाऊक होतं. परदेशी विमानांनी होदेदाच्या तेलाच्या टाक्यांवर बॉम्ब टाकले, तेव्हा टीव्हीवरच्या ज्वाळा बघत तो म्हणाला होता, "बरं झालं, ह्यांना हीच भाषा कळते." त्याच घटकेला वर हाशिम बहिणीला फोन लावत होता, आणि फोन लागत नव्हता. टाक्यांच्या बाजूचं तिचं घर उरलंच नव्हतं. पुढं सगळं कळल्यावरही जयतीर्थ त्या पोराला "वाईट झालं" एवढंसुद्धा म्हणाला नाही.

"तेव्हा ह्यानं तुझी गादी फेकली का, अण्णा?"

"माझा मुलगा जळालाय, विनू!" जयतीर्थाचा आवाज फुटला. "तुला कळत नाही!"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर प्रद्युम्न होता, कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. कुणा नर्सनं फोन धरला असावा. जयतीर्थानं फोन तिच्यापुढं केला. "तूच सांग तुझ्या आत्याला! असल्याला घरात ठेवायचं?"

प्रद्युम्नला अंगणातलं सामान दिसलं.

"आत्या, हाशिम वाईट नाही. पण आत्ता त्याची भाषा कानावर पडली तर मी किंचाळेन. एका घरात राहणं मला जमायचं नाही." मग बापाकडं वळून म्हणाला, "पण सामान का फेकलंत, अप्पा? आम्ही जहाजावरच्यांनी कुणाचं काय केलं होतं? कुणाचा तरी राग आमच्यावर काढला. तुम्हीही तेच करता?"

जयतीर्थ खालच्या पायरीवर बसला आणि तोंड झाकून रडू लागला. विनुताला त्याची कीव आली, पण राग काही गेला नाही.

हाशिमनं पिशवी खांद्याला लावली. "मी जातो, अक्का. प्रद्युम्न घरी येईल तेव्हा त्याला मी इथं दिसायला नको."

कुणी हाकलतंय म्हणून नव्हे, तर प्रद्युम्नसाठी तो निघाला होता. तिला अडवता येईना. तिनं ऑटो बोलावली आणि गादी स्वतः उचलून आत ठेवली.

मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावरच्या खासगी हॉस्टेलात मॅनेजरनं पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. "येमेन? तिथं काहीतरी चाललंय ना, मॅडम? उद्या भानगड झाली तर जबाबदार कोण?"

दिवसभर दाबून धरलेलं सगळं विनुताच्या तोंडून बाहेर पडलं.

"जबाबदार? विमानं पाठवली ते जबाबदार. धर्माचं नाव घेऊन जहाजं पेटवतात ते जबाबदार. त्यांतला एक तरी तुमच्या टेबलापुढं कधी उभा राहिला? त्यांना विचाराल तुम्ही? ह्याची बहीण गेली, माझा भाचा भाजला, आणि जाब द्यायचा ह्या पोरानं?"

बाकड्यांवरची मुलं वळून बघू लागली. मॅनेजर चपापला. "तसं नाही हो... पालक म्हणून कुणाचं तरी नाव लागतं."

"माझं घाला. विनुता. ह्याची अक्का."

हाशिमनं तोंड फिरवलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅनेजरनं किल्ली पुढं सरकवली.