निव्वळ डिझेल

"दादा, इंजिन म्हातारं झालंय की तू त्याला उपाशी ठेवतोस?" धाकट्यानं फावडं आपटलं. "शेवटच्या सहा सऱ्यांना पाण्याचा थेंब नाही. माझी मिरची माना टाकून बसलीय."

"इथेनॉल घातल्यावर जोर थोडा कमी होणारच," थोरला शांतपणे म्हणाला. "पण धूर बघ की. आहे का काळा?"

धूर काळा नव्हता, हे खरंच. विहिरीवरचं डिझेल इंजिन घराला खेटून, आणि आईला दमा. धुराचं नळकांडं उंच करून पाहिलं, तरी वारा काजळी दारातच आणून ओती. मग थोरल्यानं कुठून तरी ऐकून पाच भाग डिझेलात एक भाग इथेनॉल मिसळायला घेतलं. इंजिन सकाळी चालू व्हायला नखरे करी, ओझं आलं की धापा टाकी; पण आई उठून बसू लागली, दोन घास जास्त जेवू लागली. थोरल्याला तेवढं पुरे होतं. शेवटच्या सऱ्या त्याच्या नव्हत्या ना.

पुढे लेकीच्या बाळंतपणासाठी थोरला दहा दिवस तिच्या गावी गेला. जाताना मिश्रणाचे डबे भरून ठेवून गेला. दोन दिवस धाकट्यानं कळ काढली. तिसऱ्या दिवशी मिरचीचं पान हातात चुरलं, तशी त्यानं टाकी रिकामी केली आणि निव्वळ डिझेल ओतलं. इंजिन असं धडधडलं की पायाखालची जमीन हादरली. दुपारपर्यंत पाणी पार बांधाला लागलं.

तो घरात आला तर आई भिंतीकडे तोंड करून, पदर नाकाला लावून बसलेली.

"पोचलं का रे पाणी?"

"पोचलं."

"मग असू दे. थोरल्याला सांगू नकोस, उगाच भांडाल."

तेव्हाच टाकी पुन्हा बदलायला हवी होती. पण सोयीचं बोलणं माणसाला लवकर पटतं. पाच दिवस मिरची तरारत गेली. सहाव्या दिवशी आईचा श्वास वर चढला, तो खाली आलाच नाही.

निरोप मिळताच थोरला धावत आला, आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. दोन दिवसांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझ्या हट्टापायी तुझ्या मिरचीला पाणी मिळेना, तरी आईसाठी सोसलंस. आता घाल निव्वळ डिझेल. धुराचा त्रास व्हायला राहिलंय कोण?"

धाकट्याच्या ओठांवर खरं आलं होतं. पण आईनंच बजावलं होतं ना, थोरल्याला सांगू नकोस म्हणून.

"बरं, दादा," तो म्हणाला.