पूर्वेकडे तोंड केलेला सौर बंब

माझ्या काचेवर आत्ता कापसाचा एक तंतू चिकटला आहे. लांबीने बोटाच्या पेराएवढा. त्याचं एक टोक वाऱ्याने हलतं, दुसरं हलत नाही, कारण तिथे पहाटेचं दव सुकताना थोडी धूळ मागे राहिली आहे. परतूरच्या बाजारात कापूस यायला लागला की असे तंतू उडत गच्चीपर्यंत येतात. तंतू जेवढी जागा झाकतो, तेवढं ऊन मला मिळत नाही. ते फार नसतं, पण मला कळतं.

मित्रांनो, मी सौर बंब आहे. आता जुना झालो आहे. माझा रंग दोन ठिकाणी उडाला आहे आणि बोअरच्या जड पाण्याने नळ्यांमध्ये क्षार धरला आहे. तरी माझी कीव करू नका. कीव करून पाणी तापत नाही.

माझा जन्म जालन्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तांब्याच्या नळ्या तांब्याच्या पत्र्याला डाख देऊन जोडल्या, वर काळा रंग दिला, सगळं एका पेटीत ठेवून वरून काच बसवली. डोक्याशी पाण्याची टाकी. ऊन काचेतून आत येतं, काळा पत्रा ते शोषून घेतो, नळ्यांतलं पाणी तापून हलकं होतं आणि आपोआप टाकीत चढतं. त्याच्या जागी थंड पाणी खाली उतरतं. मला पंप लागत नाही, वीज लागत नाही, सरपण लागत नाही. मला फक्त सूर्य समोर हवा. एवढी एकच अट, आणि तीच मोडली गेली.

शहाण्णव साली परतूरला मच्छिंद्रचं नवं घर उभं राहिलं. घरात तिघं होती. मच्छिंद्र बाजार समितीत नोकरीला. त्याची बायको कौसल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आणि त्याची आई, दुर्गाबाई. घराची खरी मालकीण तीच. दुर्गाबाईला दमा होता. जुन्या घरी ती रोज पहाटे स्वतःच्या हाताने तांब्याचा बंब पेटवायची. त्यात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जळायची आणि न्हाणीघर धुराने भरायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूर बंद झाला नाही तर छाती साथ देणार नाही. म्हणून नव्या घरात पाणी कशावर तापवायचं, हा प्रश्न भिंती चढायच्या आधीपासून चालला होता.

मच्छिंद्रला विजेचा गिझर हवा होता. कौसल्या सासूला आत्याबाई म्हणायची. ती म्हणाली, "पहाटे लाइट असते का आपल्याकडे? आत्याबाई अंधारात उठतात. त्यांना गार पाण्याने आंघोळ घालायची का?" मग तिने माझं नाव घेतलं. मच्छिंद्रने दुकानात जाऊन मला पाहिलं, थोडा हसला आणि घेऊन आला.

मी टेम्पोतून उतरलो तेव्हा गल्लीतली माणसं जमली. "वहिनी, ह्याच्यावर पापड वाळवायचे का?" असं एकाने विचारलं. उद्या गरम पाण्याने बोलेन, असं मी ठरवलं होतं.

मला बसवायचं काम सिराजोद्दीन मिस्त्रीकडे होतं. घराची वीट न् वीट त्यानेच लावली होती. माझ्यासोबत आलेल्या कागदावर बाण होता, त्याप्रमाणे त्याने माझं तोंड दक्षिणेला धरलं. तेवढ्यात दुर्गाबाई धापा टाकत जिना चढून आली.

"थांब सिराज! कुठं तोंड करून राह्यला त्याचं?"

"दक्षिणेला, काकी. कागदावर तसंच हाय."

"कागदाला काय कळतंय! दक्षिण यमाची. नवं घर बांधलं अन् यमाला तोंड दाखवायचं? फिरव इकडं, पूर्वेला. सूर्यनारायणाकडं."

कौसल्या पुढे झाली. "आत्याबाई, आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेच्या बाजूने आभाळ ओलांडतो. दक्षिणेला तोंड असलं तर ऊन दिवसभर मिळतं."

"सूर्य उगवतो कुठं? पूर्वेलाच ना? मंग शाळेत पोरींना काय शिकवून राह्यली तू?"

खाली उभी असलेली माणसं हसली. सिराजोद्दीन आळीपाळीने दोघींकडे बघत राहिला. शेवटी त्याने कागद घडी करून खिशात घातला. माझे पाय सिमेंटमध्ये रोवले गेले, तोंड पूर्वेला.

मित्रांनो, पूर्वेला शेजारच्या सरकीच्या गोदामाचं उंच छप्पर होतं. दिवस बराच वर आला की सूर्य छपरावर दिसायचा. मी तापायला लागायचो, तोवर दुपार व्हायची आणि सूर्य माझ्या पाठीमागे जायचा. उरलेला दिवस माझ्या पाठीचा पत्रा तापत राहायचा, जिथे एकही नळी नाही. पहिल्या पहाटे दुर्गाबाईने नळ सोडला तेव्हा माझ्याकडे कोमट पाण्यापलीकडे काही नव्हतं. तिने नळाखालून हात काढला आणि ती म्हणाली, "ह्याच्यापरीस बोअरचं पाणी बरं."

दुसऱ्याच दिवशी जुना तांब्याचा बंब माळ्यावरून खाली आला. नव्या घराच्या चुन्याचा वास जायच्या आत घरात धूर भरला. माझ्या काचेवर लाल मिरच्या वाळत पडल्या, मग शेवया, मग कुणाची तरी ओली सतरंजी. आलागेला वर बघून विचारायचा, "चालू हाय का बंद?" आणि दुर्गाबाई उत्तर द्यायची, "वाळवणाला बरा पडतो."

मी वाळवणाची बाज नाही! हे मला ओरडून सांगायचं होतं. मी नादुरुस्त नव्हतो. माझी एकही नळी गळत नव्हती. ज्याला पाठमोरं उभं केलं, त्यालाच आंधळा ठरवलं गेलं. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलं. जेवढं ऊन येईल तेवढं सोडायचं नाही. मिरच्यांच्या फटींतून आलेलं ऊनही मी पाण्यात घातलं. कुणी वापरलं नाही, तरी घातलं.

तुमच्या घरावर माझा भाऊबंद असेल तर एवढं करा. त्याची काच पुसा. त्याच्यासमोर काही टांगू नका. आणि तो काम करत नाही असं म्हणण्याआधी, आपण त्याला कुठे तोंड करून उभं केलं आहे ते एकदा बघून या.

हिवाळा वाढला तसा धूर वाढला. मच्छिंद्र एकदा गच्चीवर येऊन कौसल्येला म्हणाला, "आई पिंपळगाव रेणुकाईला मामाकडं चालली. ती तिकडं गेली की सिराजला बोलावू, फिरवून टाकू. तिला काय कळतंय?"

"नको," कौसल्या म्हणाली.

"धूर तुला दिसत न्हाई का?"

"तुमच्या आधी दिसतो. पण हे पाणी त्यांच्यासाठी आहे. चोरून तापवलेलं कळलं, तर त्या ते अंगावर घेणार नाहीत. मग आयुष्यभर पऱ्हाट्याच जाळतील. त्यांनी स्वतः सांगायला हवं."

"ती कधीच न्हाई सांगायची."

"मग मी रोज विचारेन."

आणि ती खरोखर विचारायची. "आत्याबाई, फिरवू का?" दुर्गाबाई कधी "बघू" म्हणायची, कधी "संक्रांत होऊ दे," कधी नुसतीच पाठ फिरवायची.

संक्रांतीच्या आधीच एका पहाटे बंबापाशी तिचा श्वास अडकला. हातातली पऱ्हाटी हातातच राहिली. कौसल्येने तिला धरून अंगणात आणलं, पाठ चोळली. मच्छिंद्र डॉक्टरांना घेऊन आला. औषध झालं, छाती मोकळी झाली, पण बोलताना दम पुरेना. डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस उन्हात बसवा.

म्हणून दुर्गाबाई माझ्या शेजारी राहायला आली. सकाळी सतरंजी अंथरायची, सुपात ज्वारी घेऊन निवडत बसायची. सुरुवातीला ती माझ्याकडे बघतही नव्हती. थंडीने तिची पाठ आखडायची. ती पाठ उन्हाला द्यायची, थोड्या वेळाने सरकायची, पुन्हा नीट बसायची.

एका दुपारी कौसल्या शाळेतून लवकर आली आणि चहा घेऊन वर चढली. दुर्गाबाई डोळे मिटून पाठ शेकत होती. कौसल्या कप ठेवून शेजारी बसली.

"बरं वाटतं का, आत्याबाई?"

"पाठ चांगली तापली. सकाळपासून अशीच बसून राह्यले."

"अशीच म्हणजे? तुमची पाठ कुठल्या दिशेला आहे?"

दुर्गाबाईने डोळे उघडले. समोर उत्तरेला रेल्वेचं फाटक दिसत होतं. तिने मान वळवून मागे पाहिलं. मागे दक्षिणेला शेतं होती, आणि शेतांवर सूर्य.

"सकाळी तर पूर्वेला बसले होते," ती म्हणाली.

"तिथे गोदामाची सावली होती. तुम्हीच सरकलात."

दुर्गाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली. माझ्याजवळ आली. वाळत पडलेल्या मिरच्या तिने एका हाताने बाजूला लोटल्या आणि माझ्या काचेवर तळवा ठेवला. मग वळसा घालून माझ्या पाठीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तिथला पत्रा भाजत होता.

"आग लागो माझ्या डोक्याला," ती हळूच म्हणाली. "मी स्वतः यमाला पाठ टेकून बसले, अन् ह्याला तिकडं बघू दिलं न्हाई."

त्या दिवशी कौसल्येने 'फिरवू का' असं विचारलं नाही.

दुर्गाबाईने श्वास घेतला. तो पुरला नाही. पुन्हा घेतला. मग गच्चीच्या कठड्याशी जाऊन तिने खाली रस्त्याने सायकलवरून चाललेल्या सिराजोद्दीनला हाक मारली. आवाज फाटका होता, पण अख्ख्या गल्लीला ऐकू गेला.

"सिराज! छिन्नी-हातोडा घेऊन ये रे जल्दी. सोलरचं तोंड दक्षिणेला करायचंय. अन् यम आलाच तर त्याला म्हणावं, दुर्गाबाईकडं गरम पाणी हाय, आंघोळ करून परत जाय!"