पटलगुरूंच्या दोन बाटल्या

रविवारी सकाळी दहालाच सभागृहात मुंगी शिरायला जागा उरली नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, खिडक्यांच्या कठड्यांवरही माणसं टेकली. समोर मोठा पडदा, टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि त्याच्यामागे पांढऱ्याशुभ्र कोटातले पटलगुरू. त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. शरीरातल्या प्रत्येक पेशीला एक पातळ पापुद्रा असतो, त्याला पटल म्हणतात. त्यावर बोलायचे म्हणून पटलगुरू.

"कॅन्सर म्हणजे काय?" ते विचारायचे आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगायचे, "पटलाला पडलेली भोकं! भिंतीला भोक पडलं की घरात चोर शिरणारच. डॉक्टर चोराला मारायला घरच पेटवून देतात. आम्ही भिंत लिंपतो."

लिंपायचं ते पटलामृत. एका पिंपात भरलेलं होतं आणि दिसायला थेट पाण्यासारखं होतं.

तिसऱ्या रांगेत मावशी बसल्या होत्या. मुलींच्या वसतिगृहात त्या बावीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. दीडशे मुली मावशी म्हणायच्या, मग गल्लीही तेच म्हणायला लागली. त्यांच्या छातीतली कॅन्सरची गाठ ऑपरेशन करून काढली होती आणि आता दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात सलाईनमधून औषध घ्यायचं होतं. दोनदा घेतलं. तिसऱ्याची तारीख उलटूनही दोन आठवडे झाले होते.

याचं कारण शेजारीच बसलं होतं. त्यांचे यजमान लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकणाऱ्याच्या हाती गाडी देऊन बाजूला शांत बसणं हा त्यांचा धंदा, म्हणून क्लचमास्तर. पण बायकोचे केस गेले, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांचा सगळा शांतपणा उडाला. सलाईन नसलेला कुठलाही रस्ता त्यांना चालणार होता. मध्यंतरी ते पटलगुरूंना एकदा भेटून बरं होण्याची हमीच घेऊन आले होते. आणि खरं सांगायचं तर मावशींनाही तो हवाच होता. औषध थांबल्यापासून जिभेला चव परत आली होती, त्याचं सुख काही कमी नव्हतं.

गुरूंनी मावशींनाच वर बोलावलं. मदतनीस बाईंनी बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेवर घेतला, त्यात तपकिरी बाटलीतला एक थेंब मिसळला आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पडद्यावर पेशी उमटल्या. सगळ्या आक्रसलेल्या, काटेरी. सभागृहभर हळहळ पसरली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

मग पेलाभर पटलामृत पिऊन दहा मिनिटं टेबलापाशी बसायचं. मावशी बसल्या. तपकिरी बाटलीचा एक थेंब टेबलावर सांडला होता. स्वयंपाकिणीचा हात, बोट आपसूक थेंबावर गेलं आणि तिथून जिभेवर. खारट. इतकं खारट, की आमटीत पडलं असतं तर मुलींनी ताटं सारली असती.

दहा मिनिटांनी पुन्हा सुई, पुन्हा थेंब. या वेळी मात्र मदतनीस बाईंनी निळी बाटली उचलली. पडद्यावर गोल, गुटगुटीत पेशी आल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात मावशींनी निळ्या बाटलीच्या तोंडाशीही बोट लावून चाखलं. मिठाचा नुसता भास.

"गुरुजी, या दोन बाटल्यांत काय असतं?" त्यांनी विचारलं.

"परीक्षाजल. दोन्हींत एकच."

"मग एकीत मीठ एवढं जास्त कसं?"

लोक हसले. जिभेनं विज्ञान कळत नसतं, असं गुरू प्रेमानं म्हणाले. मावशी म्हणाल्या, ठीक आहे, मग तुमचंच रक्त या तपकिरी बाटलीतल्या थेंबात बघू; तुम्ही तर रोज अमृत पिता. त्यावर गुरूंनी आपल्या रक्ताचं तेज सामान्य डोळ्यांना सोसणार नाही, असं बजावलं. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी लगेच खिशातून गॉगल काढून चढवला.

मास्तरांना बायकोची लाज वाटत होती. ते उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "दाखवाच गुरुजी. एकदाचं हिचं तोंड बंद होईल."

झालं. भक्तांनी ते उचलून धरलं. दाखवा, दाखवा, असा गजर सुरू झाला. शंकेखोरांना गुरूंनी चुटकीसरशी गप्प केलं असतं, पण श्रद्धाळूंपुढे त्यांचा इलाज चालेना. बोट पुढे करावंच लागलं. मदतनीस बाईंचा हात सवयीनं निळ्या बाटलीकडे गेला, पण तपकिरी बाटली मावशींनी आधीच उघडून धरली होती.

पडद्यावर गुरूंच्या पेशी उमटल्या. काटेरी. मावशींच्या होत्या त्याहून काकणभर जास्तच.

"जगाचे रोग मी अंगावर घेतो," गुरू घाईघाईनं म्हणाले, आणि दोनचार जणांनी खरंच हात जोडले. मावशींनी मात्र त्याच बोटाचा दुसरा थेंब निळ्या बाटलीतल्या पाण्यात मिसळायला लावला. पेशी गोल. मधल्या वेळात गुरू अमृताचा घोटही प्यायले नव्हते.

मग मावशींनी लोकांना साध्या शब्दांत सांगितलं. काकडीला मीठ लावलं की तिला पाणी सुटतं आणि ती मऊ पडते. रक्ताच्या पेशीचं तसंच आहे. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी पटलातून बाहेर येतं आणि ती आक्रसते. रक्त कुणाचंही घ्या, निरोग्याचं घ्या, पैलवानाचं घ्या. गॉगलवाल्या गृहस्थांनी खात्रीसाठी स्वतःचं बोट टोचून घेतलं. काटेरी. ते तसेच गॉगल लावून बाहेर पडले आणि त्यांच्यामागे सभागृह रिकामं होत गेलं. पटलगुरू मागच्या दारानं कधी गेले, ते कुणी पाहिलंच नाही.

घरी पोचताच मास्तरांनी कपाटातून दवाखान्याची फाईल बाहेर काढली.

सोमवारी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, पण त्यांनी काही लपवलंही नाही. पटल महत्त्वाचं असतं, तेवढी एकच गोष्ट त्या माणसानं खरी सांगितली, असं त्या म्हणाल्या. पडद्यावर होत्या त्या रक्तातल्या तांबड्या पेशी. त्यांचा या कॅन्सरशी संबंध नव्हता. मावशींच्या गाठीतल्या पेशींच्या पटलावर मात्र एक प्रथिन गरजेपेक्षा फार जास्त होतं. वाढा, वाढा, असा निरोप ते पेशीच्या आत पोचवत राहतं. सलाईनमधल्या औषधांपैकी एक नेमकं त्या प्रथिनावर जाऊन बसतं आणि निरोप अडवतं. खंड पडल्यामुळे त्या औषधाचा सुरुवातीचा मोठा डोस आता पुन्हा द्यावा लागणार होता.

मास्तरांनी विचारलं, "ही नक्की बरी होईल ना?"

"नक्की नाही सांगता येणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अशा बऱ्याच बायकांना याचा चांगला फायदा झालाय. यांना किती होतोय, ते आपण वेळोवेळी तपासत राहू. काही बदलावंसं वाटलं तर तुम्हाला कारण सांगून बदलू."

पटलगुरूंनी पहिल्याच भेटीत शंभर टक्के खात्री दिली होती आणि तपासायची वेळ आली तेव्हा तेज सोसणार नाही म्हणाले होते. या बाई खात्री देत नव्हत्या, पण तपासा म्हणत होत्या. आजारानं घाबरलेल्या माणसानं एवढा फरक ओळखला तरी पुष्कळ झालं. कोणताही इलाज करण्याआधी त्यात काय आहे ते विचारावं, आणि विचारल्यावर जो चिडतो त्याच्या दारातून परत फिरावं.

मास्तरांनी मान हलवली आणि सलाईनच्या खोलीतली खुर्ची मावशींच्या खाटेजवळ ओढून घेतली. औषध थेंबाथेंबानं उतरायला लागलं. मावशींनी डोळे मिटले. थोड्या वेळानं मास्तर नर्सला हळूच विचारू लागले की या पिशवीत नेमकं काय आहे, आणि नर्स त्यांना पिशवीवरचं लेबल वाचून दाखवू लागली.