तहकूब सभेची मुतारी

आमच्या सरपंचांना, दिनानाथभाऊंना, गाव पाठीमागे 'तहकूबभाऊ' म्हणायचं. ते नाव मीच ठेवलं होतं, आणि चांगलं ठेवलं होतं.

भाऊ ग्रामसभा मुद्दाम केळीचा ट्रक भरायच्या वेळी ठेवायचे. माणसं वाडीत, सभेला येणार कोण? कोरम नाही म्हणून सभा तहकूब. अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. भाऊंचे दोन-चार दोस्त तेवढे चहा पीत बसलेले असत. ग्रामसेवक कॉन्रॅड ठराव आदल्या दिवशीच लिहून ठेवायचा. हात वर, ठराव पास, मग कांदाभजी.

या खेपेचा ठराव कमानीचा होता. भाऊंच्या वडिलांच्या नावाची, गावाच्या तोंडाशी. इकडे शाळेत मुलींना साधी मुतारी नाही! पूर्वी पोरी मागच्या वाडीत जायच्या, तिथेही आता तारेचं कुंपण आलं. तेव्हापासून माझी रेजिना शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. तापाने फणफणली, तेव्हा तिचा बाप क्लेमेंट म्हणाला, "पाचवी झाली की बस. घरीच राहू दे तिला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच मी हेडमास्तरीण मटिल्डा बाईंकडे गेले.

"सभेत जाऊन भांडते बघा," मी म्हटलं.

"अजिबात जाऊ नकोस, पॉलिन," बाई गालात हसल्या. "आधी तहकूब होऊ दे."

पंचायतीच्या समोरच गावचा क्रूस आहे. सभेच्या दुपारी बाईंनी तिथे प्रार्थना ठेवली. प्रार्थनेनंतर उकडलेले चणे वाटतात, त्यामुळे आमच्या ख्रिस्ती बायका आल्याच, हिंदू आळीतल्याही आल्या. आम्ही गात होतो आणि खिडकीत भाऊ भक्तिभावाने मान डोलवत होते. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "कोरम नाही. सभा तहकूब!"

अर्ध्या तासाने सभा पुन्हा भरली, तशा आम्ही ओंजळीत चणे घेऊन आत शिरलो. बाकं पुरेनात.

भाऊ गडबडले. "अहो, तुम्ही कशाला? कोरम कुठे आहे?"

"तहकूब सभेला लागत नाही ना, भाऊ?" मटिल्डा बाईंनी विचारलं.

कॉन्रॅडने ठराव वाचला, "कै. हरिश्चंद्र यांच्या स्मरणार्थ कमान बांधण्यात यावी."

मी उठले. "दुरुस्ती! 'कमान' खोडा आणि 'शाळेत मुलींची मुतारी' लिहा."

पहिला हात वर गेला तो लीलावहिनींचा, भाऊंच्या बायकोचा. मग सगळ्याच बायकांचे.

"अहो, निदान बाबांचं नाव तरी काढा!" भाऊ कळवळले.

"मांडली तेवढीच दुरुस्ती होते, भाऊ," कॉन्रॅड म्हणाला. त्याची लेक क्लाराही त्याच शाळेत होती. "नावासाठी पुढची सभा घ्यावी लागेल."

"राहू दे नाव," लीलावहिनी म्हणाल्या. "घरामागे आडोसा बांधा म्हणून मामंजींना किती वर्षं विनवलं मी. आता त्यांच्याच नावानं होतोय, होऊ दे."

भाऊंनी खाली मान घातली. कमानीची संगमरवरी पाटी त्यांनी आधीच कोरून आणली होती. तीच लागली.

मुतारी उघडली त्या सकाळी रेजिना शाळेला निघताना बापासमोर उभी राहिली आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली.  क्लेमेंटने तांब्या पुन्हा भरून तिच्यापुढे धरला.