माया ठेवून

मी एक जुनी कात्री आहे. काळ्या मुठीची, जड आणि टोकाशी किंचित वाकडी. हसू नका मित्रांनो! फरशीवर तीनदा तोंडघशी पडल्यावर कोणाचे नाक सरळ राहील?

लोहाराच्या भट्टीतून निघाले ती थेट एका शिंपीणबाईंच्या टेबलावर आले. पुढे घरात सून आली, तेव्हा त्यांनी मला तिच्या हाती सोपवले आणि बजावले, "हिने कागद कापलास, तर गाठ माझ्याशी आहे!" सुनेने कधी कापला नाही. आम्ही दोघींनी शाळेचे शेकडो गणवेश बेतले. लोक शिलाईचे कौतुक करीत. कात्रीला कोण विचारतो? मला वाईट वाटे, खोटे कशाला सांगू?

मग सुनेचे पोट दुखू लागले. "गणवेश संपले की दाखवते," म्हणत तिने चार महिने काढले. शेवटी तपासणीत अंडाशयावर, म्हणजे बाळाची सुरुवात जिथून होते तिथे, गाठ निघाली.

दवाखान्यात जाताना ती मला पिशवीतून काढायला विसरली, म्हणून सारे मी ऐकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ कर्करोगाची आहे का, ते काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. सगळंच काढलं तर धोका कमी, पण मग मूल होणार नाही. नाहीतर एकच बाजू काढू, दुसरी चांगली दिसली तर ठेवू. मात्र पुढे सारखं तपासत राहावं लागेल."

"सगळं काढा," सासूबाई म्हणाल्या. "मला माझी सून हवी. नातवंडाचं राहू दे."

"पण आई, मला मूल हवंय हो," सून म्हणाली. मग डॉक्टरीणबाईंकडे वळली. "जमेल तेवढी माया ठेवून कापा."

"माया?" डॉक्टरीणबाई गोंधळल्या.

सासूबाईंनी आपली बाही उलटी करून शिवणीच्या आतले बोटभर जास्तीचे कापड दाखवले. "ही माया. पुढे उसवून कपडा वाढवता येतो. ही ठेवली नाही, तर..." बाही पुन्हा सरळ करून त्या म्हणाल्या, "ठेवा. ती म्हणतेय तशी ठेवा."

जन्मभर मी कापत आले. काय कापायचे नाही हे ठरवताना माणसाचा जीव इतका कासावीस होतो, हे मला त्या दिवशी कळले.

एकच बाजू काढली. गाठ ना धड साधी, ना धड कर्करोगाची; काठावरची निघाली. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. मूल होईल का, हे कोणीच छातीठोकपणे सांगत नाही. सून मात्र पुन्हा कापड बेतू लागली आहे.

मित्रांनो, मला वेळेवर धार लावली नाही, तर फार तर मी कापड चावीन. पण घरातली बाई "नंतर दाखवते" म्हणाली, तर तिचे मुळीच ऐकू नका. काल दुसरी तपासणी होती. सकाळी सातलाच सासूबाई चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

"आई, वेळ दहाची आहे!" सून हसून म्हणाली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मी उभी आहे."

तुम्हीही असेच उभे राहा.