बाहेरून मारणारी सगुणा

ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यातल्या पोरींना परशुराम तांडेल कितीतरी वर्षं बास्केटबॉल शिकवत होता, आणि तेवढ्या वर्षांत त्याने कुणाचंही कौतुक केलं नव्हतं. जिंकून आलेल्या संघाला तो म्हणायचा, "समोरच्या पोरी आजारी होत्या वाटतं." हरलेल्या संघाला तो काहीच म्हणायचा नाही, नुसता नाक वर करून बघायचा. त्याचं नाक कारखान्याच्या संघातून खेळताना दोनदा मोडलं होतं. ते वाकडं नाक तो लोकांना असं दाखवायचा, जसं दुसरे लोक भिंतीवरचं प्रशस्तिपत्रक दाखवतात.

त्याची शिकवण एका वाक्यात संपायची. बॉल घ्यायचा, आत घुसायचं, बोर्डाखाली कोपरं खायची आणि बास्केट करून बाहेर यायचं. या एवढ्यावर त्याने जिल्ह्याचा चषक अनेकदा कोळीवाड्यात आणला होता.

मग शहाऐंशीच्या सुमाराला नवीन नियम आला. संघटनेची दोन माणसं रंगाचा डबा घेऊन मैदानावर आली आणि बोर्डापासून लांब, अर्धवर्तुळाकार रेघ मारायला लागली.

"ही कशाला?" परशुरामने विचारलं.

"नियम आलाय, तांडेल. या रेघेच्या बाहेरून बास्केट झाली की तीन पॉइंट."

"आणि आत जाऊन झाली की?"

"दोनच. पूर्वीसारखे."

"म्हणजे आत जाऊन मार खाणारीला दोन, आणि लांब उभी राहून केस सावरणारीला तीन? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

ती माणसं रेघ मारून निघून गेली. परशुरामने पोरींना गोळा केलं आणि सांगितलं, "त्या रेघेपलीकडे गटार हाय असं समजा. तिथे जी उभी दिसली ती घरी जाईल."

पहिली घरी गेली ती त्याचीच मुलगी, सगुणा.

सगुणा आईवर गेलेली. बुटकी, गोल चेहऱ्याची. जीभ मात्र बापाची होती. बोर्डाखाली उंच पोरींच्या गर्दीत तिचं डोकं त्यांच्या कोपराच्या बरोबर उंचीवर यायचं. दहावीत असताना समोरचा अर्धा दात तिथेच पडला. तेव्हा परशुराम म्हणाला होता, "आता कुठे खेळाडू दिसायला लागलीस." तिला ते अजिबात पटलं नव्हतं. ती रेघ आली आणि तिला वाटलं, कुणीतरी आपल्यासाठीच मारली. बाप कारखान्यात गेला की ती एकटी रेघेवर उभी राहून बॉल टाकत बसायची. हळूहळू तिचा नेम असा बसला, की बॉल रिंगला न शिवता जाळीतून खाली यायचा.

कल्याणच्या एका सामन्यात तिने पहिल्यांदा सगळ्यांदेखत बाहेरून बॉल टाकला. तो सरळ जाळीत पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परशुरामने त्याच क्षणी तिला बाहेर बोलावलं.

"पडला ना बॉल!" ती म्हणाली.

"आंधळ्याचा दगडपण कवातरी आंब्याला लागतो. बस खाली."

"मी डोळे उघडे ठेवून मारला."

"मग आत कोण व्हतं ते दिसलं असेल. आपली उंच रंभा आत हात वर करून उभी व्हती. तिला बॉल का नाय दिला? बस!"

ती सामना संपेपर्यंत बाकावर बसली. घरी गेल्यावरही बापलेकीचं तेच चाललं होतं. आई मनुबाई बोंबील तळत होती. ती शेवटी म्हणाली, "त्या टोपलीत एकदा बॉल टाकला काय आन दोनदा टाकला काय, त्याला तळ हाय का? माझ्या ताटावर हा इषय नको."

सगुणा तेव्हा डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत टायपिस्ट होती. पुढच्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर ती सरळ डोंबिवलीच्या क्लबवर गेली.

तो क्लब त्र्यंबक आठल्ये चालवायचे. हे बँकेत अधिकारी. शर्टाच्या खिशात पेन, बोलणं पुण्याचं. त्यांच्या संघातल्या शुभदा, सुमती वगैरे मुली हुशार होत्या, चष्मे लावायच्या आणि धक्का लागला तर "सॉरी" म्हणायच्या. आठल्यांनी ओळखलं होतं, की या मुली बोर्डाखाली गेल्या तर परत येणार नाहीत. म्हणून त्यांनी सिद्धान्त काढला होता.

"तीन हे दोनपेक्षा मोठे असतात," ते सगुणाला म्हणाले. "हे ज्याला कळलं त्याला बास्केटबॉल कळला. तुमच्या वडिलांचा काळ बळाचा होता. आता काळ डोक्याचा आहे."

सगुणाने त्यांच्याकडे बघितलं. एवढं कळायला बँकेत अधिकारी व्हावं लागतं, हे तिला माहीत नव्हतं. "सर, डोकं राहू दे," ती म्हणाली, "बॉल द्या."

लागोपाठ पाच टाकले, पाचही पडले. आठल्यांनी तिला तिथल्या तिथे संघात घेतलं आणि त्या पाचांचं श्रेय सिद्धान्ताला दिलं.

राहायला घरी बापाकडे आणि खेळायला डोंबिवलीकडे, असं सुरू झालं. कोळीवाड्यात लोक परशुरामला विचारायचे, "पोर फुटली काय रं?" तो म्हणायचा, "फुटली नाय. ओवाळून टाकली."

अठ्ठ्याऐंशीच्या जिल्हा स्पर्धेत दोन्ही संघ उपांत्य सामन्यात समोरासमोर आले. सामना ठाण्यातच, उघड्या मैदानावर. त्या दिवशी खाडीवरून वारा सुटला होता. डोंबिवलीच्या मुलींनी बाहेरून बॉल टाकला की तो हवेत विचार बदलायचा. शुभदाचा एक बॉल बोर्डालाही न लागता मागच्या प्रेक्षकांत गेला. सगुणाचे सुरुवातीचे दोन पडले, मग एकही नाही. रंभा आणि तिच्या मैत्रिणी शांतपणे आत जात होत्या, दोन-दोन घेत होत्या. डोंबिवलीची पार वाताहत झाली.

आठल्ये नंतर मुलींना म्हणाले, "सिद्धान्त बरोबर होता. वारा अनपेक्षित होता."

"खाडीच्या काठावर वारा अनपेक्षित?" सगुणा म्हणाली. "मला विचारायचंत. मी तिथेच राहते."

रात्री जेवताना परशुराम मासळीचा काटा काढत म्हणाला, "काठावर बसून जाळं टाकणाऱ्याला शेवाळ मिळतं. मासा पायजे तर होडी आत घालावी लागते."

"तुम्ही शेवटचे होडीत कवा बसलेले, बाबा? कारखान्यात कँटीनची मासळी खाता."

मनुबाईने दोघांच्या ताटात भात इतका जोरात वाढला, की दोघंही गप्प झाले.

पुढचं वर्षभर सगुणाने डोंबिवलीच्या पोरींना छळलं. आठल्ये आकडे सांगायचे आणि ती बॉल मारायला लावायची. शुभदाला ती म्हणायची, "बाहेर उभं राहायचं तर निदान बॉल पोचेल असा तरी मार. नाहीतर घरी बसून पत्ते खेळ." सुमतीचा तर नेमच नव्हता. सुमती बारीक, चष्म्याच्या दोरीने डोळे जागेवर ठेवणारी. सगुणा तिला सांगायची, "तू बॉल आण आणि मला दे. मधे काही कला दाखवू नकोस."

एकोणनव्वदच्या जानेवारीत दोन्ही संघ थेट अंतिम सामन्यात भेटले. त्या संध्याकाळी वारा पडलेला होता.

सगुणाने पहिला बॉल टाकला, पडला. दुसरा पडला. मग शुभदाचाही पडला, आणि शुभदालाच त्याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटलं. परशुराम हाताची घडी घालून बसला होता. त्याच्या पोरी आत बोर्डाखाली भिंतीसारख्या उभ्या होत्या, पण आत कुणी येतच नव्हतं. मध्यंतराला डोंबिवली चांगलीच पुढे होती.

रंभा घामाने भिजून आली. "काका, बाहेर जाऊन सगुणाला अडवूया."

"कुणी बाहेर जायचं नाय. मारू दे. हात दमतील."

"तिचे हात दमत नाहीत, काका. मी लहानपणापासून बघतेय."

"मी तिचा बापूस हाय का तू?"

मध्यंतरानंतरही हात दमले नाहीत. ठाण्याच्या पोरी आत जाऊन झटून खेळल्या, फरक कमी करत आणला, की सगुणा रेघेवरून एक टाकायची आणि तेवढाच फरक परत व्हायचा. ती प्रत्येक वेळी बापाच्या बाकासमोरच्या जागेवरून मारत होती. मुद्दाम. चौथ्यांदा तिने तिथून टाकला तेव्हा बॉल अजून हवेत होता, आणि ती रिंगकडे न बघता बापाकडे बघत होती.

परशुराम उठला. कोळीवाड्यातले सगळे लोक बसलेले असताना, ज्या माणसाने रेघेपलीकडे गटार आहे असं सांगितलं होतं तो घसा फाडून ओरडला, "अगो रंभे, बाहेर जा! बाहेर जा तिच्यावर! दोघी जा!"

मैदानावर हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली. रंभा आणि आणखी एक उंच पोर सगुणाला येऊन चिकटल्या, आणि बाकीच्याही त्यांच्यामागे रेघेकडे धावल्या. सगुणाला त्यानंतर बॉल शिवायलाही मिळाला नाही. ती रेघेवर नुसती उभी होती आणि हसत होती, अर्धा दात दाखवत.

कारण आत कुणीच उरलं नव्हतं. बॉल सुमतीकडे होता. तिने सवयीने सगुणाकडे बघितलं, तिथे गर्दी. समोर बघितलं, तिथे मोकळं रान. ती चालत गेल्यासारखी बोर्डाखाली गेली आणि बॉल ठेवून आली. पुन्हा तसंच झालं. मग शुभदा गेली. शेवटच्या मिनिटांत डोंबिवलीने एकही बॉल बाहेरून टाकला नाही आणि चषक जिंकला.

आठल्ये पेढे वाटत म्हणाले, "बघा! तीन पॉइंटवर अजिंक्यपद मिळतं हे सिद्ध झालं."

परशुराम लांबूनच ओरडला, "शेवटच्या सगळ्या बास्केटी आतून झाल्यात! दोन-दोनच्या! तोंड वर करून काय सांगता!"

"तांडेलसाहेब, आत जागा कशामुळे झाली?"

"माझ्या मूर्खपणामुळे!"

बापाने स्वतःला मूर्ख म्हटलेलं सगुणाने आयुष्यात ऐकलं नव्हतं. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण तो तिला वाटलं होतं तेवढा गोड लागला नाही.

पराभव माणसाला शहाणा करतो म्हणतात. परशुरामला त्याने फक्त उलटा केला. पुढच्या वर्षी त्याने आपल्या पोरींना रेघेबाहेर उभं केलं आणि सांगितलं, आत जाणारी घरी जाईल. रंभासारखी धिप्पाड पोर लांबून बॉल टाकायला लागली. तिचे बॉल बोर्डाला असे आदळायचे, की खांब हलायचा. कल्याणच्या संघाने त्यांना पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. त्याच स्पर्धेत शुभदाच्या पायावर पाय पडून सगुणाचा गुडघा गेला, आणि तिच्याशिवाय आठल्यांचा सिद्धान्तही दुसऱ्या फेरीत संपला. वारा या वेळी नव्हता, म्हणून त्यांनी पंचांना दोष दिला.

गुडघ्याला पट्टी बांधून सगुणा घरी ओटीवर बसली होती. परशुराम शेजारी येऊन बसला.

"तू खेळणार नाय आता?"

"डॉक्टर नको म्हणतात."

"मग ये मैदानावर. रंभेला बाहेरून मारायला शिकव."

"रंभाला?" सगुणा म्हणाली. "तिला आत ठेवा, बाबा. ती आत आहे म्हणूनच बाहेरचीला कुणी हात लावणार नाही. एवढं तुम्हाला कळत नाही आणि आठल्यांनापण कळत नाही. तुम्ही दोघं बसा एका बाकावर."

"आठल्याबरोबर मी बसणार नाय. तुझ्याबरोबर बसेन."

ती बसली. एक्क्याण्णवला बापलेक एकाच बाकावरून संघ चालवत होते. तो ओरडायचा, "आत!" ती ओरडायची, "बाहेर!" पोरींनी दोन्ही ऐकणं सोडून दिलं आणि त्यामुळे बऱ्या खेळायला लागल्या. अंतिम सामन्याला मिनिटभर उरलं असताना आणि गुण बरोबरीत असताना बाकावर दोघांचं इतकं जुंपलं, की पंचांनी दोघांनाही मैदानाबाहेर काढलं. कुंपणाच्या जाळीपलीकडे उभं राहूनही ते थांबले नाहीत. हात हलवत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत ते भांडत असतानाच आतून एकदम आरडाओरडा झाला. कोळीवाड्याच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या.

परशुराम जाळीला धरून ओरडला, "रंभे, कुठून पडला गो? आतून का बाहेरून?"

रंभाने त्याच्याकडे बघितलं, सगुणाकडे बघितलं.

"रिंगमधून," ती म्हणाली, आणि चषक घ्यायला गेली.