प्लास्टरमामांचं मनगट

कारखान्यांच्या त्या गावात हाड मोडलं की लोक डॉक्टरांच्या आधी प्लास्टरमामांचं नाव घ्यायचे. जुन्या इस्पितळाच्या तळमजल्यावर पस्तीस वर्षांत त्यांनी अर्ध्या गावाचे हातपाय पांढरे केले होते. ओतकामातला फोरमन, त्याचा जावई, जावयाचा बाप, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले.

निवृत्तीला आठ दिवस उरले असताना मामा माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढले आणि धाडकन खाली आले. मनगट टम्म सुजलं. बायको इस्पितळात चला म्हणून मागे लागली. मामांनी नुसतं मुरगळलंय असा निकाल दिला, पट्टी गुंडाळली आणि कामावर हजर झाले.

त्यांच्या जागी येणारी बाई दोन महिने त्यांच्याकडे शिकत होती. मामांच्या मते ती गोगलगाय. एका हाताला चाळीस मिनिटं म्हणजे काय! त्या दिवशी पाण्याची बादली उचलताना मामा कळवळले. बाईनं बादली काढून घेतली आणि एक्स-रे काढायला सांगितलं.

"मला हाडं कळतात," मामा म्हणाले.

"दुसऱ्यांची. स्वतःची कुणालाच कळत नाहीत. चला."

हाड मोडलं होतं, वर सरकलंही होतं. डॉक्टरांनी हातापुरती भूल देऊन ते जागेवर बसवलं आणि मामा प्रथमच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. बसल्याबसल्या सूचना सुरू. पाणी कोमट घे, अंगठा मोकळा ठेव, फार आवळू नकोस. बाईनं तीनदा ऐकून घेतलं. चौथ्यांदा हात थांबवला.

"मामा, बडबड्या पेशंटला तुम्ही काय सांगता?"

मामा नाइलाजानं बघत राहिले. ती बोटं टेकवत नव्हती, तळव्यानं पट्टी दाबत होती. प्रत्येक थर हात फिरवून बसवत होती. चाळीस मिनिटं लागली खरी, पण कुठे टोचलं नाही, कुठे खळगा नाही.

निरोपसमारंभात मामांकडून जुने किस्से ऐकायला सगळे सरसावून बसले होते. मामांनी प्लास्टरचा हात वर केला.

"हे माझ्यापेक्षा सरस काम आहे," एवढंच बोलून ते खाली बसले.

मागच्या रांगेत बाईनं मान खाली घातली. मामांची बायको शेजारणीला हळूच म्हणाली, "संसारात इतकी वर्षं गेली, पण माझ्या आमटीला कधी बरी म्हणाले नाहीत हो."

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं. मनगट अगदी सरळ होतं. घरी जाऊन मामा जेवले आणि आमटीची वाटी पुन्हा पुढे केली. बायकोनं तेवढ्यावर समाधान मानलं.